उष्माघात

उष्माघात : उष्णता बाहेर टाकण्याची शरीराची यंत्रणा कोलमडून आतले तापमान ४० अंश से. वा त्याहून वर जाणे आणि सोबत मेंदूचे काम बिघडणे, अशी जीवघेणी अवस्था. बोलीत ‘ऊन लागणे’, विदर्भात ‘लू लागणे’.

कडक उन्हात शरीर थंड राहते ते मुख्यतः घाम उडून गेल्याने. एक लिटर घामाची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. घाम नुसताच ओघळला, तर पाणी आणि मीठ जाते, उष्णता मात्र अंगातच राहते. त्यामुळे पाऱ्याचा एकटा आकडा फसवा असतो. नागपुरात ४४ अंश तापमान व १५ टक्के आर्द्रता असताना ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक सुमारे २३ अंश दाखवतो. मुंबईत ३४ अंश व ७० टक्के आर्द्रतेला तोच २९ च्या आसपास असतो. भारतीय हवामान विभागही उष्णतेच्या लाटेसाठी मैदानी भागात किमान ४० अंश, तर किनारपट्टीवर ३७ अंश तापमान धरतो. नवी मुंबईत खारघर येथे १६ एप्रिल २०२३ रोजी उघड्या मैदानावरील पुरस्कार सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जण दगावले, तेव्हा पारा चाळिशीच्या खालीच होता.

बचावाचे उपायही हवेप्रमाणे बदलतात. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर विदर्भात उत्तम चालतो, कारण कोरडी हवा पाणी पिऊन गार होते; कोकणात तोच कूलर खोली दमट करून सोडतो. तिथे उघडी खिडकी आणि पंखा बरा. उलट, कोरड्या ४४ अंशांत नुसता पंखा म्हणजे अंगावर झळा. अंग ओले करूनच त्याखाली बसावे. डोक्या-कानांवरून घेतलेला दुपट्टा उपयोगी आहे. खिशातल्या कांद्याचा उपयोग जेवताना होतो, तेवढाच.

मीठ-गूळ घातलेले पन्हे आणि मिठाचे ताक यांतून पाण्यासोबत क्षारही मिळतात. घाम फार गेला असेल तर ओआरएस घ्यावे. लिटरभर पाण्याची पुडी पेलाभर पाण्यात कालवू नये. वृद्धांना तहान उशिरा जाणवते, त्यामुळे त्यांनी न मागताच पाणी पुढे करावे. उन्हातल्या कामाची सवय शरीराला व्हायला एक-दोन आठवडे लागतात. हंगामाच्या सुरुवातीचे मजूर म्हणूनच अधिक धोक्यात असतात. मुकादमांना हे सहसा ठाऊक नसते, किंवा सोयीचे नसते.

पायात गोळे येणे, मळमळ, थकवा या आधीच्या पायऱ्या. माणूस बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला किंवा बेशुद्ध पडला, की तो उष्माघात समजावा. त्वचा कोरडीच असते असे नाही. कष्टाचे काम करणारा घामाने निथळतही असतो. तापाच्या गोळ्या इथे निरुपयोगी ठरतात, कारण हा ताप मेंदूने वाढवलेला नसतो. रुग्णाला सावलीत न्यावे, जादा कपडे काढावेत, अंगभर पाणी ओतून वारा घालावा, काखांत व जांघांत बर्फ ठेवावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. पहिल्या अर्ध्या तासात तापमान उतरले, तर मेंदू, यकृत व मूत्रपिंडे वाचण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणून रुग्णवाहिकेची वाट पाहतानाही पाणी ओतणे चालूच ठेवावे.