सीताफळ : परक्या मुलखातून आलं, डोंगराचं झालं



दसरा जवळ आला की बालाघाटाच्या डोंगरात आपल्या बाया पहाटेच पाट्या घेऊन निघतात. धारूर, अंबाजोगाईकडं हे दरवर्षीचंच. म्हणून आज सीताफळाची गोष्ट सांगतो.

नाव ऐकून वाटतं, रामसीतेच्या वनवासापासून हे झाड इथंच असेल. आमच्या आज्याही तसंच सांगायच्या. पण सीताफळ मूळचं अमेरिका खंडाच्या उष्ण भागातलं. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ते भारतात आलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मिरची, पेरू, पपई हेही तिकडूनच आले. नाव मात्र आपल्या लोकांनी दिलं आणि पाहुणं घरचं झालं.

आपल्या मुरमाड डोंगरात ते टिकलं कसं? पानांना उग्र वास, चव कडू, त्यामुळं शेळी सहसा तोंड लावत नाही. उन्हाळ्यात पानं झडतात, म्हणून पाणी कमी लागतं. पाऊस पडला की पुन्हा पालवी. दुष्काळी मुलखाला असंच झाड हवं होतं.

आपल्या बायांनी त्याचा पुरेपूर उपयोग केला. फळाचे डोळे उघडले, म्हणजे खवल्यांमधल्या खाचा पांढरट झाल्या, की तोडायचं आणि गवतात आढी लावायची. जनावराच्या जखमेत किडे पडले तर पाला वाटून लावायचा. हाच पाला आज दशपर्णी अर्कात घालतात, तो पिकावरच्या किडीसाठी.

बियांची पूड उवांसाठी केसांना लावायची जुनी रीत आहे. ती मात्र आता सोडू या. ही पूड डोळ्यात गेली तर बुबुळाला जखम होते, नजरेला धोका होतो. लेकीच्या डोक्यात उवा झाल्या तर दवाखान्यातून औषध आणा. चुकून पूड डोळ्यात गेलीच, तर भरपूर स्वच्छ पाण्यानं धुवा आणि लगेच डॉक्टर गाठा.

आता पैशाचं. पिकलेलं सीताफळ दोन-तीन दिवसांत खराब होतं. व्यापाऱ्याला हे ठाऊक असतं. संध्याकाळ होत आली की पाटीचा भाव उतरतो आणि डोंगर चढून आलेली बाई मिळेल त्या भावात देऊन घरी जाते. त्यातच ऊसतोडीला जायचे दिवस आलेले असतात, हातात पैसा हवा असतो.

अंबाजोगाईत कृषी विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्र आहे. 'धारूर-6' हा वाण तिथलाच. 2016 साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं. पण मानांकन मिळालं म्हणजे आपोआप भाव मिळाला, असं नाही. ते नाव लावून विकायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. त्या नोंदणीत तोडणाऱ्या बाईचं नाव आहे का, हे आपणच विचारायला हवं.

गटानं एकत्र तोलून, प्रतवारी करून माल दिला तर भाव ठरवताना आपलंही तोंड उघडतं. गर काढून गोठवला तर तो महिनोन्‌महिने टिकतो. त्यासाठी यंत्र आणि शीतपेटी लागते, ते एकटीचं काम नाही, गटाचं आहे.

येत्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की एवढा विषय घ्या : यंदा आपल्या गावातून किती पाट्या गेल्या आणि कोणत्या भावानं? ते वहीत लिहून ठेवा. पुढच्या दसऱ्याला भाव करताना तीच वही कामाला येईल.