अभनपूरचा फाटा

भिलाईच्या पोलाद कारखान्यात साऱ्या देशाच्या रेल्वेसाठी रूळ तयार होतात. वडील त्याच कारखान्यात होते. तरी आमच्या घरात गाडीचा विषय निघाला की आजी सांगायची ते छोट्या लाइनचं. तिचं माहेर धमतरीचं; भोसल्यांच्या अमदानीत नागपूरहून छत्तीसगडात येऊन राहिलेल्या मराठी घरांपैकी एक.

रायपूर–धमतरी ही अडीच फुटी लाइन बंगाल-नागपूर रेल्वेने १९०० साली सुरू केली. धमतरी म्हणजे जंगलाचं दार. लाख, हिरडा, इमारती लाकूड, तांदूळ सगळं तिथे गोळा होई आणि छोट्या गाडीने रायपूरच्या मोठ्या लाइनीला लागे. आजीचे वडील लाखेच्या पेढीवर मुनीम होते. शेवटचं पोतं मालडब्यात चढल्याशिवाय ते जेवायला घरी येत नसत. सालाच्या लाकडासाठी जंगलात आतवर ट्रामवेही गेली होती. दुसऱ्या महायुद्धात तिचे रूळ उपटले.

आजीचा जीव मात्र अभनपूरवर. तिथे राजिमचा फाटा फुटायचा. राजिमच्या माघी पुन्नीच्या (पौर्णिमेच्या) जत्रेला बायका काखेत पोर, डोक्यावर गाठोडं घेऊन डब्यात शिरत. जागा नसली तर बाप्ये टपावर. इंजिन पाणी घेईपर्यंत पणजी पितळी डबा उघडून मुलांच्या हातावर ठेठरी ठेवायची. मराठी घरातला हा छत्तीसगडी खाऊ आजही आमच्याकडे होतो.

धमतरीजवळच्या कंडेल गावातल्या कालव्याच्या पाण्यावरून १९२० साली झालेला सत्याग्रहही मी आधी आजीकडूनच ऐकला. सुंदरलाल शर्मा आणि छोटेलाल श्रीवास्तव यांच्याबरोबर त्यात नारायणराव मेघावाले होते, हे ती अभिमानाने सांगे. त्या डिसेंबरात गांधीजी धमतरीला आले होते.

आता छोटी लाइन गेली. रायपूर शहरात तिच्या जागेवर एक्सप्रेसवे झाला. ३० मार्च २०२५ला मंदिर हसौदमार्गे अभनपूरपर्यंत मोठ्या लाइनीची मेमू सुरू झाली. मला त्याचा मनापासून आनंद आहे. खेड्यातल्या माणसाला स्वस्त गाडी हवीच. पण या नव्या वाटेवर तेलीबांधा लागत नाही, आणि आजी माहेरी जायला गाडीत बसायची ती तेलीबांध्याला. रेल्वेने छोट्या लाइनीचं निदान एक स्टेशन, त्याच्या पाटीसकट, जपावं. आणि ज्यांच्या घरी त्या गाडीने प्रवास केलेली माणसं अजून आहेत, त्यांनी हे सगळं आजच विचारून लिहून घ्यावं.