चरणें, चारणें व वनचराई

गुरांच्या चरण्यासंबंधींचे जुने मोडी कागद वाचतांना एका कान्याकडे दुर्लक्ष झालें, तर अपराध भलत्याच्याच माथीं बसतो. ‘शेतांत गुरें चरलीं’ आणि ‘शेतांत गुरें चारलीं’ हीं दोन वाक्यें पाहावीं. पहिल्यांत प्रयोग कर्तरि असून गुरें हाच कर्ता. तीं मोकाट शिरलीं असतील. दुसऱ्यांत प्रयोग कर्मणि असून गुरें हें कर्म. त्यांना बुद्ध्या चारणारा मनुष्य अनुक्त आहे. क्रियापद दोन्हींकडे गुरांप्रमाणेंच चालत असल्यामुळें प्रत्ययावरून भेद कळत नाहीं. तो एका कान्यावर अवलंबून आहे, आणि जलद लिहिलेल्या मोडींत काना शेजारच्या रेघेंत सहज मिसळून जातो.

हा भेद मराठीला संस्कृतापासून मिळालेला आहे. चर् धातूचा मूळ अर्थ गति. हिंडतां हिंडतां खाणें म्हणून भक्षण हा अर्थ पुढें जडला. त्याचें प्रयोजक रूप चारयति, प्राकृतांत चारेइ, मराठींत चारणें. मरणें-मारणें, पडणें-पाडणें हीं जोडपीं याच घडणीचीं होत. पाणिनीनें ३।३।११९ या सूत्रांत ‘गोचर’ शब्द घ-प्रत्ययान्त म्हणून मुद्दाम सांगितला. एरवीं घञ् प्रत्यय लागून वृद्धीनें ‘गोचार’ झालें असतें. तात्पर्य, या कान्याची काळजी सूत्रकारासही वाहावी लागली. गो व चर् यांचींच सगोत्र रूपें ग्रीक ‘बूकोलोस’ आणि आयरिश ‘बुअखिल’ या शब्दांत आहेत. दोहोंचा मूळ अर्थ गुराखी. आयरिशांत आज तो शब्द ‘मुलगा’ या अर्थीं रूढ आहे.

आतां पेशवेकालीन कागदांतील ‘वनचराई’. आई-प्रत्ययानें क्रिया व तीबद्दलचा पैसा असे दोन्ही अर्थ निघतात, जसें खोदाई. परंतु खोदाईचा पैसा खोदणाऱ्यास मिळतो. चराई गुराख्याची मजुरीही असूं शकते. वनचराई मात्र रानांत गुरें चारण्याबद्दल सरकारांत भरावयाची पट्टी होय. म्हणून नुसता ‘चराई’ शब्द दिसतांच ती पट्टी म्हणून नोंदूं नये. पैसा कोणी कोणास दिला, हें पाहावें.

ज्यांच्या संग्रहीं असे तंट्यांचे कागद आहेत, त्यांनीं जुन्या नकलेवर न विसंबतां मूळ पत्र उजेडांत धरून कान्याची खात्री करून घ्यावी. मोकाट गुरांच्या धन्यास आपण आज नकळत चोर ठरवूं नये, एवढीच विनंती.