स्तन कर्करोगग्रस्त स्त्रियांच्या मनोव्यथेचे मापन : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
वज्रेश्वरी हे भिवंडी तालुक्यातील तानसा नदीकाठचे तीर्थक्षेत्र. देवीचे मंदिर व गरम पाण्याची कुंडे यांमुळे व्याधिग्रस्त माणसे येथे पूर्वापार येत आली आहेत. या परिसरातील एखाद्या स्त्रीला स्तनाचा कर्करोग झाला, तर मात्र तिला उपचारासाठी शहराची वाट धरावी लागते. तेथे तिच्या गाठीचे माप सेंटिमीटरमध्ये नोंदले जाते. पण मनोव्यथेचे माप कसे घ्यावे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे.

शरीराची नोंद, मनाचा अनुल्लेख :
अमेरिकन शल्यविशारद हॉलस्टेड यांनी १८९४ साली मांडलेल्या शस्त्रक्रियेत स्तनाबरोबरच छातीचे स्नायू व काखेतील ग्रंथीही काढल्या जात. रोग पुन्हा न उद्भवणे हाच यशाचा निकष होता. परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. १९६३ साली मुंबईत देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी स्थापन झाली. रोगी किती व रोग कोणत्या अवयवाचा, हे त्यातून कळू लागले. रुग्णेच्या मनःस्थितीसाठी त्यात रकाना नव्हता.

मापनश्रेणींचा उदय :
इंग्लंडमधील पीटर मॅग्वायर व सहकाऱ्यांनी १९७८ साली दाखवून दिले की, स्तन काढल्यानंतर वर्षभराने सुमारे एक चतुर्थांश स्त्रियांना चिंता वा नैराश्यावर उपचारांची गरज होती. १९८३ साली झिगमंड व स्नेथ यांनी चौदा प्रश्नांची श्रेणी तयार केली. थकवा, निद्रानाश ही लक्षणे मूळ आजारामुळेही उद्भवतात, म्हणून ती त्यांनी जाणीवपूर्वक वगळली. १९९८ साली ० ते १० अंशांचा ‘मनोव्यथेचा तापमापक’ प्रथम पुरुष रुग्णांसाठी वापरला गेला. पुढे तो स्तन कर्करोगातही रूढ झाला. त्याच्यासोबतच्या अडचणींच्या यादीत पैसा, प्रवास, मुलांचा सांभाळ यांचाही समावेश आहे. किरणोपचारासाठी कित्येक आठवडे रोज रुग्णालय गाठावे लागते; गावाकडून येणाऱ्या स्त्रीची निम्मी व्यथा या यादीतच सापडेल.

भाषेचा प्रश्न :
झिगमंड-स्नेथ श्रेणीतील एका प्रश्नात भीतीचे वर्णन पोटात फुलपाखरे भिरभिरण्याच्या प्रतिमेने केले आहे. मराठी स्त्रीच्या पोटात भीतीने गोळा येतो, तिचा जीव घाबरा होतो. शब्दशः भाषांतर केल्यास प्रश्न तिच्यापर्यंत पोहोचणारच नाही. शून्य ते दहा हे अंशही सर्वांनाच जवळचे वाटतील असे नाही. ‘दुखणे बारा आणे कमी झाले’ असे सांगणाऱ्या आणि पिकाची आणेवारी ऐकत आलेल्या पिढीजवळ मोजमापाची स्वतःची रीत आहे. शिवाय, सासू वा पती शेजारी असताना सून देईल ते उत्तर आणि एकांतात देईल ते उत्तर एकच असेल, असे गृहीत धरता येत नाही.

निष्कर्ष :
श्रेणीची विश्वसनीयता केवळ गणिताने सिद्ध होत नाही. प्रश्न कोणत्या भाषेत, कोणी आणि कोणासमोर विचारला, यावरही ती अवलंबून असते. अंक अधिक आल्यावर रुग्णेशी बोलणारा, तिच्या प्रवासाची व खर्चाची सोय पाहणारा माणूस रुग्णालयात नसेल, तर मनोव्यथेची नोंद हा कागदावरील आणखी एक रकाना ठरेल. गेल्या शतकातील संशोधकांनी मनासाठी रकाना मिळवून दिला. त्यातील अंकाला उत्तर देण्याची जबाबदारी आपली आहे.