सरकारी क्लाउड स्थलांतर

सरकारी माहिती आणि कर्मचाऱ्यांची खाती एका मान्यताप्राप्त क्लाउडमधून दुसऱ्यात, कामकाज न थांबवता आणि गोपनीयता राखून हलवण्याची प्रक्रिया. भारतात तिचा पाया ‘मेघराज’ उपक्रमाने घातला. त्याखालील राष्ट्रीय क्लाउड फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाला. खासगी कंपनीला सरकारी काम हवे असेल, तर तिची एसटीक्यूसी या सरकारी संस्थेकडून तपासणी होते, मगच इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाच्या यादीत नाव लागते. माहिती देशाबाहेर नेता येत नाही. महाराष्ट्राने स्वतःचे सार्वजनिक क्लाउड धोरण जानेवारी २०१८ मध्ये आणले.

तोवर मुंबईत जागा तयार होती. मायक्रोसॉफ्टचे क्लाउड २०१५ मध्ये, ॲमेझॉनचे जून २०१६ मध्ये, गूगलचे २०१७ मध्ये इथे आले. अंधेरी पूर्वेला चांदिवलीत डेटा सेंटर आहेत, आणि मुलुंडहून खाडीपूल ओलांडला की ऐरोलीतही. पण मूळ माहिती चांदिवलीत आणि राखीव प्रत ऐरोलीत, अशी सोय चालत नाही. दोन्ही केंद्रे भूकंपप्रवणतेच्या वेगवेगळ्या पट्ट्यांत असावी लागतात. उपनगरवासीयांना भूकंपापेक्षा पावसाचे कारण लवकर पटेल: २६ जुलै २००५ च्या प्रलयात सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. राखीव प्रत दुसरीकडे नसली तर काय होते, ते दक्षिण कोरियात दिसले. तिथे सप्टेंबर २०२५ मध्ये डेजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली, तीही बॅटऱ्या हलवण्याचे काम चालू असताना. सरकारी कर्मचाऱ्यांच्या ‘जी-ड्राइव्ह’ या क्लाउड साठ्यातली ८५८ टेराबाइट माहिती गेली. बाहेर तिची राखीव प्रतच नव्हती.

माहितीची वाहतूक हा तुलनेने सोपा भाग. उदाहरणार्थ, पुनर्विकासाला निघालेली घाटकोपरची सोसायटी ऑनलाइन मिळकत पत्रिका काढते. हलवताना अशा नोंदीच्या सीटीएस (नगर भूमापन) नंबरातला एक आकडा जरी बदलला, तरी तिची ‘हॅश’ किंमत, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा, आधीच्या किमतीशी जुळत नाही आणि चूक तिथेच पकडली जाते.

माणसांचे तसे नाही. कोणाची बदली झालेली, कोणी निवृत्त, कोणी प्रतिनियुक्तीवर. शिवाय पदाच्या नावाने उघडलेली खाती, ज्यांचा पासवर्ड साहेबांपासून कारकुनापर्यंत सगळ्यांना ठाऊक. कोणाला काय उघडता यावे, हे हॅश सांगत नाही. ती यादी कार्यालयानेच तपासायची असते, आणि घोडे बहुधा तिथेच अडते. त्यात नव्या यंत्रणेत जाताना पासवर्ड बदलायचा असतो, आणि ‘तुमचे खाते स्थलांतरित होत आहे, इथे क्लिक करा’ अशी बनावट पत्रे धाडायला भामट्यांना याहून चांगला मुहूर्त सापडत नाही.

सरकारी ई-मेलचे उदाहरण ताजे आहे. २०२३ मध्ये झोहो कंपनीला सात वर्षांचे कंत्राट मिळाले आणि २०२५ पर्यंत पंतप्रधान कार्यालयासह सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांच्या टपालपेट्या राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राच्या जुन्या यंत्रणेतून तिकडे गेल्या. पत्ते मात्र ‘जीओव्ही डॉट इन’ आणि ‘एनआयसी डॉट इन’ हेच राहिले. हा निर्णय शहाणपणाचा: पत्ता सरकारचा असला की उद्या कंपनी बदलली तरी पत्रव्यवहार तुटत नाही.

ओळखीच्या बाबतीतही हाच विचार करता येतो. मुंबईच्या सी-डॅकने, म्हणजे जुहूच्या गुलमोहर रस्त्यावरच्या संस्थेने, ‘ई-प्रमाण’ ही सेवा घडवली. तिच्यात वापरकर्त्याची ओळख पोर्टलबाहेर तपासली जाते, त्यामुळे पोर्टल दुसऱ्या क्लाउडवर गेले तरी लॉगिन तेच राहू शकते. २०२२ मध्ये ती ‘मेरी पहचान’ या सामाईक व्यवस्थेत आली.

सर्वांत दुर्लक्षित राहतात त्या जुन्या यंत्रणेतल्या लॉग-नोंदी, म्हणजे कोणी कधी काय केले याचा आपोआप राहणारा हिशेब. ‘सर्ट-इन’ या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार त्या १८० दिवस जपाव्या लागतात आणि सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते. म्हणून नवे पोर्टल सुरू झाल्याबरोबर जुना सर्व्हर पुसून टाकता येत नाही. आधी लॉग बाहेर काढायचे, मग पुसायचे, आणि पुसल्याचा दाखला कंपनीकडून लेखी घ्यायचा.