गुणपत्रिकेंतील बनावट सनदा

मोडी दफ्तरांतील सनद हातीं आली म्हणजे संशोधक मजकुराआधीं कागद, मिती, शिक्का व मोर्तब पाहतो. मोर्तब ही लेखनसीमा. तिच्याखालीं कोणी ओळ वाढविली तर ती तत्काळ ओळखूं येते. वतनाच्या लोभानें बनावट सनदा झाल्या, म्हणून ही सावधगिरी. मुंबई इलाख्यांत इनामांच्या चौकशीस 1852 च्या 11 व्या कायद्यानें अधिकार मिळाला. योगायोग असा कीं, त्याच वर्षीं अमेरिकेंत हार्वर्ड व येल यांची पहिली नौकाशर्यत झाली आणि तिचा खर्च एका रेल्वे कंपनीनें सोसला. महाविद्यालयीन खेळांत पैसा मागाहून शिरला असें नव्हे. तो आरंभापासूनच तेथें आहे.

त्याच्या पाठोपाठ बनावट कागद आला. तेथें खेळाडूस संघांत राहण्यासाठीं अभ्यासांतही उत्तीर्ण व्हावें लागतें. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपेल हिल येथील एका विभागांत 1993 पासून 2011 पर्यंत एकही तास न होतां केवळ निबंधावर गुण मिळत, आणि ते बव्हंशीं विभागांतील कारकून बाई देत! 3100 हून अधिक विद्यार्थ्यांनीं लाभ घेतला. त्यांत जवळजवळ निम्मे खेळाडू, हें 2014 च्या चौकशींत निष्पन्न झालें. 2017 सालीं राष्ट्रीय क्रीडासंघटनेनें विद्यापीठास दंड केला नाहीं, कारण हे वर्ग इतर विद्यार्थ्यांसही खुले होते. सनद खोटी, पण सर्वांसच वांटली, म्हणून दोष नाहीं, असा हा न्याय.

आपल्याकडे पैशाची जागा नोकरीनें घेतली. 2005 पासून महाराष्ट्र शासनानें नोकऱ्यांत खेळाडूंस 5 टक्के जागा राखल्या. परीक्षेंतही क्रीडागुण मिळतात. पुढें ट्रॅम्पोलिन या खेळाचीं बनावट प्रमाणपत्रें उघडकीस आलीं, यांत नवल तें काय?

निवृत्तीनंतर शेगांवीं येण्यापूर्वीं मी वऱ्हाडांतील एका शाळेंत संस्कृत शिकवीत असें. एका विद्यार्थ्यानें क्रीडागुणांसाठीं परगांवच्या तीन दिवसांच्या स्पर्धेचें प्रमाणपत्र आणलें. शिक्का ठळक, सही सुरेख. परंतु ते तिन्ही दिवस माझ्या हजेरीपटांत तो हजर होता. एके दिवशीं तर त्यानें रघुवंशांतील श्लोक मला म्हणून दाखविला होता. समकालीन कागद कोणता व रचलेला कोणता, हें ठरविण्यास संशोधकाची गरज नव्हती. वरिष्ठ म्हणाले, हजेरी घेतांना आपली चूक झाली असेल. मीं तिन्ही दिवसांची हजेरी खोडून गैरहजेरी मांडली. म्हणजे बनावट सनद तशीच राहिली आणि अस्सल दफ्तर मीं स्वहस्तें बनावट केलें. त्या खाडाखोडीखालीं माझी सही आहे; तारीख मात्र मीं घातली नाहीं.