मंदगतीवरील औषधाची कुळकथा

कंपवाताच्या रोग्याचा थरथरता हात चारचौघांच्या लगेच नजरेस येतो. परंतु सदऱ्याच्या गुंड्या लावण्यात जाणारी अर्धी घटका, हाक ऐकू येऊनही मान वळण्यास होणारा विलंब, रात्री कूस बदलता न आल्याने होणारी तगमग, हे जे त्या व्याधीचे खरे दुःख, ते बहुधा घरच्यांनाच ठाऊक असते, आणि पुष्कळदा तेही त्याला वार्धक्य अथवा आळस समजून रोग्यावर रागावतात. या मंदत्वावर आज लेव्होडोपाची जी गोळी दिली जाते, तिच्या पूर्वेतिहासात आपल्याकडील दोन वनस्पती आढळतात. आणि त्यांपैकी एकीने रोगाच्या मुळाचा माग दाखविला तो रोगाचीच लक्षणे उत्पन्न करून, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

लंडनच्या हॉक्स्टन भागात व्यवसाय करणाऱ्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या रोगावर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात अवघ्या सहा रोग्यांचे दाखले होते, आणि त्यांतील काही तर रस्त्यात दृष्टीस पडलेले इसम होते. स्नायूंचे बळ कमी होते, अशी पार्किन्सन यांची नोंद. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील शार्को यांनी पुढे तीत दुरुस्ती केली: रोग्याच्या मुठीत जोर शाबूत असतो, मनात इच्छाही असते, परंतु इच्छा आणि कृती यांच्यामध्ये कालावधी पडतो. दुर्बलता आणि मंदत्व यांची ही फारकत झाली खरी. पण मंदत्वाचे कारण हाती येण्यास पाऊणशे वर्षांहून अधिक काळ जावा लागला.

ते कारण हाती आले सर्पगंधेच्या वाटेने. या मुळीचा रक्तदाबावर व उन्मादावर होणारा परिणाम कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली मांडला होता; मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश नियतकालिकात आपल्या रोग्यांची हकीकत छापली, तेव्हा पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष तिकडे वेधले. आणि १९५२ साली बाझल येथे तिच्यातून रिसर्पीन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. ते सर्रास दिले जाऊ लागल्यावर असे दिसून आले की, काही रोग्यांचे अवयव ताठरतात, चेहरा निर्विकार होतो, हालचाली मंदावतात. म्हणजे हुबेहूब कंपवात. एखाद्या वैद्याने हा केवळ उपद्रव मानून औषध बंद केले असते व प्रकरण मिटविले असते. स्वीडनमधील लुंड येथे आर्व्हिद कार्लसन यांनी १९५७ साली हाच उपद्रव चौकशीस घेतला. रिसर्पीन दिलेले ससे निश्चल पडून राहत. त्यांना डोपा, म्हणजे ज्याचे एक रूप आजचा लेव्होडोपा आहे ते द्रव्य, टोचताच थोड्याच वेळात ते हालू-फिरू लागले. रिसर्पीनने मेंदूतील डोपामीन या हालचालींचे संदेश वाहणाऱ्या द्रव्याचा साठा रिता केला होता, आणि डोपाने तो पुन्हा भरला होता. डोपामीन रक्तातून मेंदूत शिरत नाही. डोपा शिरतो आणि आत गेल्यावर त्याचेच डोपामीन होते.

व्हिएन्ना येथे होर्निकिविझ यांनी १९६० साली कंपवाताने मृत झालेल्यांच्या मेंदूंची तपासणी करून तोच तुटवडा माणसातही असल्याची रुजवात घातली. पुढल्याच वर्षी बिर्कमायर यांच्यासह केलेल्या प्रयोगात, बिछान्यात उठून बसू न शकणारे रोगी डोपाची सुई टोचल्यावर उभे राहिले, चालू लागले. मात्र काही तासांनी तो परिणाम ओसरे. १९६७ साली न्यूयॉर्कजवळील ब्रूकहेव्हन येथे कोट्झियास यांनी तोंडाने द्यावयाची मात्रा सावकाश, धीराने वाढवीत नेली, तेव्हा कोठे हे औषध नित्याच्या उपचारात रुजू झाले.

हा डोपा मात्र नवा नव्हता. गुगेनहाइम यांनी १९१३ साली बाझल येथेच तो एका जातीच्या वालाच्या शेंगांतून मिळविला होता, आणि स्वतः खाऊन पाहिला असता त्यांना ओकाऱ्या झाल्या होत्या. मद्रासच्या दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ साली तोच डोपा खाजकुइलीच्या बियांत शोधून काढला. जिच्या शेंगेवरील कुसांच्या भयाने कोकणातली पोरे लांब पळतात, आणि जिला आयुर्वेदाने वातविकारांवरील योगांत कपिकच्छू या नावाने पूर्वापार स्थान दिले, तीच ही वेल. प्राचीनांना डोपामीन ठाऊक होते, असा दावा मी करणार नाही. परंतु पाहिलेले नेमके नोंदवून ठेवणे हीही विद्याच, आणि तिचा आदर मला वाटतो. तथापि बियांतील डोपाचे प्रमाण सारखे नसते, म्हणून चालू गोळ्यांच्या जोडीला त्या आपल्या मनाने घेणे धोक्याचे आहे.

लेव्होडोपा तुटवडा भरून काढतो. डोपामीन तयार करणाऱ्या मेंदूतील पेशींचा ऱ्हास थांबवीत नाही. काही वर्षांनी पुढील मात्रेची वेळ होण्याआधीच त्याचा अंमल उतरू लागतो, किंवा अंग आपोआप वळवळू लागते. शिवाय पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आलेल्या मेंदूदाहाच्या साथीतून वाचलेल्या रोग्यांत नाव्हील यांनी १९२२ साली जे विचारांचे मंदत्व टिपले, आणि जे कंपवातातही आढळते, त्यावर या गोळीचा फारसा इलाज चालत नाही. हातपाय मोकळे झालेला रोगीही प्रश्न ऐकल्यावर उत्तराला वेळ घेतो.